बाळंतिणीची सावड

चूल आवरली असेल, कुणाच्या पुढ्यात मेथीची जुडी असेल, तर निवडता निवडता ऐका. आज आम्ही अंगावरच्या दुधाबद्दल बोलणार आहोत. "हे तर आशाताईंनी शंभरदा सांगितलंय," म्हणून रेडिओ बंद करू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीवर आहे, अंगणवाडीच्या दारावर आहे, आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वाक्य पाठ झालं की काम झालं, असं आम्हालाही वाटायचं. तसं नसतं, हे आम्हाला दहा रुपयांच्या दंडावरून कळलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटातली सून दुसऱ्यांदा बाळंत झाली, मुलगी झाली. कांद्याची लागण सुरू झाली तेव्हा पोर सव्वादोन महिन्यांची होती. आमच्याकडे लागण उक्ती घेतात. दहा-बारा बायांची टोळी असते, एकराचे पैसे ठरतात आणि सारखे वाटून घेतात. घरात पैशाची नड होती, म्हणून ती टोळीत गेली. शेत दोन किलोमीटरवर. सासूचे गुडघे धरलेले, तिला पोर घेऊन बांधापर्यंत जाणं जमेना. मग गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून बाटली सुरू झाली. संध्याकाळी ही घरी आली की पोर तिला सोडायची नाही, त्यामुळे गटाच्या दोन बैठका चुकल्या. नियम म्हणजे नियम. गैरहजेरीचे दहा आणि दहा, वीस रुपये दंड आम्ही आमच्या हातानेच रजिस्टरमध्ये लिहिला.

पुढच्या आठवड्यात पोरीला हगवण लागली. तालुक्याला चार दिवस सलाईनवर होती. वाचली. आम्ही बघायला गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगता सहा महिने पाजा, आणि तुम्हीच दंड लावता. मी तुमचं कोणतं ऐकू?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. गेल्या तीन वर्षांत आम्ही जे काही शिकलो, ते या प्रश्नाच्या मागे लागूनच. आधी दुधाचं बोलू, मग कामाचं.

गाय व्याली की आपण काय करतो? वासराला आधी चीक पाजतो. उरलेल्या चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटतो. चीक न मिळालेलं वासरू धरत नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. आणि बाई बाळंत झाली की तोच पिवळट, दाट चीक 'खराब आहे' म्हणून पिळून टाकणारी घरं अजूनही आहेत. चिकात बाळाला रोगापासून राखणारी द्रव्यं भरपूर असतात. तो थोडाच येतो, म्हणून बायका घाबरतात. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाच्या एका चमच्याएवढंच मावतं. त्याला तेवढंच हवं असतं.

जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीशी लागावं, असं सांगतात. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ 95 बाळंतपणं दवाखान्यात होत होती, पण तासाभरात अंगावर घेतलेली मुलं निम्म्याहून थोडीच जास्त होती. म्हणजे दवाखान्यात जाऊनही उशीर होतो. कधी सिझर झालेलं असतं, कधी बाळ पुसून, गुंडाळून आजीच्या मांडीवर दिलेलं असतं आणि आई आत एकटी. तुम्ही सोबत गेलात तर नर्सबाईंना एवढंच विचारा, "बाळाला आईजवळ कधी देता?" बाळ ठीक असेल तर सिझर झालेली आईही आडवं पडून, कुणीतरी बाळ धरून दिलं तर पाजू शकते. तिथे धरून देणारं माणूस लागतं, आणि ते आपणच असतो.

याच पाहणीत आपल्या राज्यात सहा महिन्यांच्या आतल्या शंभर बाळांपैकी सुमारे 71 बाळं फक्त आईच्या दुधावर होती. त्याआधीच्या पाहणीत 57च्या आसपास होती. सुधारणा मोठी आहे. पण उरलेली 29 कोणाच्या घरची, असं विचारलं की आमच्या डोळ्यांपुढे मजुरीला जाणाऱ्या बायाच येतात.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य घेऊ, "मला दूधच पुरत नाही." बाळ रडलं की पहिला संशय दुधावर. खरं म्हणजे दूध बहुतेक सगळ्यांना पुरतं. बाळ जितकं ओढतं, तितकं तयार होतं. वरचं दूध सुरू केलं की बाळ अंगावर कमी ओढतं, मग दूध खरंच कमी होतं, आणि सगळे म्हणतात, "बघ, आम्ही सांगत होतो." म्हणून रडणं मोजू नका, लघवी मोजा. पहिला आठवडा सरल्यावर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, त्याला घाबरू नका, साधारण दोन आठवड्यांत ते भरून येतं. पण लघवी कमी होतेय, बाळ मलूल पडलंय, प्यायलाच उठत नाही, ताप आहे, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुष्कळदा दूध असतं, पण पकड चुकलेली असते. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं हवं, डोकं आणि पाठ एका रेषेत. बाळाने तोंड मोठं उघडलं की त्याला छातीकडे आणायचं, छाती त्याच्याकडे ओढायची नाही. नुसतं बोंड तोंडात गेलं तर दूध येत नाही आणि बोंडाला चिरा पडतात. भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, खालच्या बाजूचा जास्त. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. दुखत असेल तर पकड चुकली समजा. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि पुन्हा लावा. हे रेडिओवर सांगून अर्धंच कळतं, आम्हाला माहीत आहे. शेजारी बसून दाखवणारी बाई लागते.

आणि पान्हा. दूध तयार असणं वेगळं आणि पान्हा सुटणं वेगळं, हे दूधदुभतं करणाऱ्या बाईला शिकवायला नको. नवा माणूस धारेला बसला, गोठ्यात कुत्रं शिरलं, की गाय पान्हा चोरते. बाईचंही तसंच. मागे कामाचा डोंगर, उंबऱ्यात उभं राहून कुणीतरी "झालं का?" विचारतंय, पोराच्या रंगावरून बोलणी चाललीत, तर दूध असूनही लवकर उतरत नाही. ती निवांत बसली, बाळाला कुरवाळलं, की येतं. म्हणून बाळंतिणीला टोमणे मारायचे नाहीत, ही नुसती माणुसकी नाही, दुधाचा हिशोबही तोच आहे.

पाण्याचं काय? आमच्या भागात उन्हाळा कडक, त्यामुळे आज्या हटकून विचारतात, "लेकराचा घसा सुकत नसेल का?" आईच्या दुधात शंभरात सुमारे 88 भाग पाणीच असतं. उन्हात बाळाला तहान लागली तर ते जास्त वेळा पितं, एवढंच. चमचाभर वरचं पाणी म्हणजे इवल्या पोटातली दुधाची जागा गेली, आणि पाण्याबरोबर काय गेलं ते आपल्याला दिसत नाही. पाणी बाळाला नको, आईला द्या. ती पाजायला बसली की शेजारी तांब्या ठेवा.

गुटीवरून आमच्या बैठकीत खूप वाद झाले. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, सहाणेवर एकेक वेढा उगाळून द्यायचं. आमच्या आयांनी आम्हाला दिली, आम्ही जगलो. पण सहाण धुतलेली कशाने, उगाळलं कोणत्या पाण्यात, वेढा किती, हे कुणी मोजत नाही. सहा महिने गुटी नको, ग्राइप वॉटर नको. मध तर वर्षभर नको, कारण त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध, थेंब, जुलाबात क्षारसंजीवनी हे चालतं. आज्यांशी भांडून मात्र काही होत नाही. आम्ही त्यांना बैठकीला बोलावलं, तेव्हा एका आजींनी स्वतःच सांगितलं की त्यांची दोन लेकरं हगवणीने गेली होती, कशाने ते त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर त्यांच्या घरात सहाण भिंतीला उभी करून ठेवली आहे.

आता कामाचं. एक साधा हिशोब करू. बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. दहा वेळा धरा, दर वेळी पंचवीस मिनिटं. चार तास झाले. म्हणजे अर्ध्या रोजाचं काम ती बाई बसल्या जागी करतेय, त्यातलं निम्मं रात्री. हे काम आपण कधी काम म्हणून मोजलंच नाही. नोकरीवाल्या बाईला 2017 पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतमजूर बाईला रजा कोण देणार? मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाला पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात. ज्यांनी अर्ज केला नाही त्यांनी अंगणवाडीताईंना जरूर विचारा. पण त्या पैशांत कुणी सहा महिने घरी बसू शकत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात एक चांगलं कलम होतं. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. मुलं सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, असं सरकारी कागदावर लिहिलेलं आम्ही पहिल्यांदा वाचलं, आणि तिथूनच आम्हाला सुचलं.

सावड आपल्याला नवी नाही. पेरणीला तू माझ्याकडे, काढणीला मी तुझ्याकडे. पैसे कुणी कुणाला देत नाही, दिवसाला दिवस फेडतात. बाळंतिणीचं काम सावडीत का धरू नये?

याने फरक पडतो, हे इतरांनी आधीच करून पाहिलेलं आहे. बांगलादेशात ढाका शहरात नव्वदच्या दशकात तिथल्याच वस्तीतल्या आयांना दहा दिवस शिकवलं आणि त्या घरोघर गेल्या. बाळंतपणाआधी दोनदा, नंतर लगेच तीनदा, मग पाच महिने दर पंधरा दिवसांनी. त्या जात होत्या तिथे पाच महिन्यांच्या शंभर बाळांपैकी 70 फक्त आईच्या दुधावर होती. जिथे कुणी गेलं नाही, तिथे 6. हरियाणातल्या खेड्यांतही अंगणवाडीताई, सुईणी, नर्सबाई सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायची असं ठरवलं, तेव्हा तीन महिन्यांच्या बाळांत हा आकडा शंभरात 79 झाला. बाकीच्या गावांत 48 होता. आपल्याकडे आशाताई दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. पण त्यांच्याकडे सगळं गाव असतं. दोन भेटींच्या मधली रात्र, जेव्हा बाळ थांबत नाही आणि सासरे म्हणतात "पावडरचा डबा आणू का", त्या रात्री हाकेच्या अंतरावर कुणी हवं. (डब्याचं निघालंच आहे तर सांगतो. आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात करायला आणि नमुने फुकट वाटायला बंदी आहे. कुणी देत असेल तर ते कायद्याबाहेरचं आहे.)

आमच्या ग्रामसंघात पहिल्यांदा दंडाचा ठराव बदलला. बाळंतिणीला सहा महिने गैरहजेरीचा दंड नाही. तिचा हप्ता शेजारची सभासद आणते. अंतर्गत कर्ज असेल तर सहा महिने फक्त व्याज, मुद्दल पुढे. जमेल तेव्हा बैठकच तिच्या ओट्यावर. हे सगळ्यात सोपं निघालं, पेन आमच्याच हातात होतं.

पाण्याचा हंडा आणि जनावरांची वैरण दोन घरांनी वाटून घेतली. हे कुठे चाललं, कुठे आठ दिवसांत बंद पडलं. भाऊबंदकीचं भांडण असलं की हंडाही अडतो.

टोळीत मात्र खरी कसोटी लागली. बाळ बांधावर आणायचं, लिंबाच्या सावलीत झोळी बांधायची, आईने दोनदा उठून पाजायचं आणि तिचा वाटा कापायचा नाही, असं आम्ही मांडलं. लगेच एकजण म्हणाली, "आम्हीपण पोरं वाढवली, आम्हाला कुणी दिली सवलत?" खोटं नव्हतं ते. मग टोळीच्या मुकादमीणबाईंनीच हिशोब घातला. दोन वेळा अर्धा-अर्धा तास म्हणजे एक तास. टोळीत अकराजणी. दहाजणींत वाटला तर एकीला सहा मिनिटं. "तुमच्या मिश्रीला याहून जास्त वेळ जातो," असं त्या म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. झोळीजवळ बसायला साठी ओलांडलेल्या एक मावशी तयार झाल्या, त्यांना टोळीने अर्धा वाटा दिला. पहिल्या हंगामात हे एका टोळीने केलं. आता तीन टोळ्या करतात. चौथीने नकार दिला, त्यांचा मुकादम पुरुष आहे आणि त्याला झोळी बांधावर नको.

ज्या दिवशी बाळ शेतात नेता येत नाही, त्या दिवशी दूध काढून ठेवता येतं. हात साबणाने धुवायचे, उकळून घेतलेली स्टीलची वाटी घ्यायची. अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे मागे दाबायचं, मग एकमेकांकडे. बोंड ओढायचं नाही. झाकून माठाजवळ, गारव्याला ठेवायचं. साध्या हवेत चार तास टिकतं, चैत्र-वैशाखात तेवढी वाट पाहू नका. तापवायचं नाही. बाटलीने नाही, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजायचं. बोंडली आपल्या आज्यांकडे असायची, माळ्यावर शोधा, उकळून वापरा. उष्टं राहिलेलं टाकून द्यायचं. आणि एक समज काढून टाका. उन्हातून आलेल्या बाईचं दूध तापत नाही, शिळंही होत नाही. पहिली धार पिळून टाकू नका. हातपाय धुवा, पाणी प्या, घडीभर टेका आणि पाजा.

तिला नेहमीपेक्षा एक जेवण जास्त लागतं, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. अळीव-डिंकाचे लाडू असले तर उत्तम, नसले तर भाकरी, डाळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे पोटभर असू द्या. अंगणवाडीतून स्तनदा मातेला सहा महिने आहार मिळतो. तो घरातल्या सगळ्यांत वाटला जातो, हेही आम्हाला दिसतं.

दर बाळंतिणीमागे आम्ही एक पाठराखीण ठेवतो. ढाक्याच्या बायांसारखीच ती आधी दोनदा जाते, म्हणजे सासू आणि नवरा घरात असताना बोलणं होतं. अडचण पहिल्या बाळंतपणाची. पोरगी माहेरी जाते, तिथे आमची पाठराखीण नसते. मग आम्ही त्या गावच्या गटाला फोन करतो. गट ओळखीचा असला तर काम होतं.

ज्या सुनेला आम्ही दंड लावला, तीच आता पाठराखीण आहे. तिची पोर आता अंगणवाडीत जाते. आम्ही वीस रुपये परत द्यायला गेलो, तर घेतले नाहीत. म्हणाली, "पान फाडू नका फक्त."

एका ठिकाणी आमचं काही चाललेलं नाही. दसऱ्यानंतर आमच्या गावातली काही जोडपी ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पाजायला थांबली की मोळ्या कमी, खाडा झाला तर पैसे कापले जातात. पहाटे चारला ती फडात असते आणि बाळ खोपटात सात वर्षांच्या बहिणीपाशी. गेल्या वर्षी अशी एक ओली बाळंतीण गेली. आम्ही तिला वाटी-चमचा दिला, दूध कसं काढायचं ते दाखवलं, फोन करत राहिलो. चौथ्या महिन्यात तिने वरचं दूध सुरू केलं. आमची सावड गावच्या शिवेपाशी संपते. यंदा दोन कुटुंबं जायची आहेत. एकीचं बाळ तीन आठवड्यांचं आहे. तिच्या सासूला गावातच थांबवून दोघींना घरी ठेवता येईल का, मुकादमाची उचल गटाच्या कर्जातून फेडता येईल का, याचं बोलणं सुरू आहे, आकडा मोठा आहे. तुमच्या गावाने असं काही करून पाहिलं असेल, जमलं असेल किंवा फसलं असेल, तर केंद्रावर फोन करून नक्की सांगा. दसऱ्याच्या आधी सांगा.